भयपटाच्या ट्रेलरवर प्रेक्षकांचे अभिप्राय कसे घ्यावेत आणि त्यांतून काय शिकावे

जनसंवादाच्या किंवा चित्रपटाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी दीड-दोन मिनिटांचा भयपटाचा ट्रेलर करतात, तेव्हा चित्रीकरण आणि संकलन यांवर आठवडेच्या आठवडे खर्च होतात. अभिप्रायाचे काम मात्र शेवटच्या दोन दिवसांत, व्हॉट्सॲपच्या गटात दुवा टाकून आणि ‘कसा वाटला?’ एवढे विचारून उरकले जाते. त्यावर ‘भारी’, ‘जबरदस्त’, ‘अजून थोडा भीतीदायक करा’ अशी उत्तरे येतात आणि पुढे नेमके काय बदलावे, हे कोणालाच उमगत नाही. यात उत्तरे देणाऱ्यांचा दोष नाही. भीती क्षणात येते आणि क्षणात विरते. ती नंतर शब्दांत मागितली, तर तिची पुसट आठवण तेवढी हाती लागते. त्यामुळे भयपटाचा अभिप्राय थोड्या वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. प्रेक्षक ज्या जागेवर बोट ठेवतो, तिथे चूक क्वचितच असते. ती बहुधा त्याच्या आधीच्या दहा-पंधरा सेकंदांत असते, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो.

पहिली पायरी: दाखवण्याआधी स्वतःचा हेतू लिहून ठेवावा

ट्रेलर कोणालाही दाखवण्यापूर्वी त्यातील प्रत्येक महत्त्वाच्या जागेची वेळ आणि तिथे प्रेक्षकाला काय वाटावे अशी आपली अपेक्षा आहे, हे कागदावर उतरवावे. उदाहरणासाठी असा ट्रेलर कल्पू या: शहरातली नात आजोळच्या ओस वाड्यात राहायला येते, परसातल्या विहिरीवरचा रहाट रात्री आपोआप फिरू लागतो आणि कुंपणापाशी पिंपळ उभा आहे. मग नोंद अशी होईल: ०:२० ला रहाटाची करकर, अपेक्षा कुतूहलाची, ०:४५ ला खिडकीत चेहरा, पहिला दचका, १:०८ पासून पूर्ण शांतता, अपेक्षा ताणाची, १:१४ ला विहिरीत वाकलेल्या नातीच्या खांद्यावर हात, मुख्य दचका. ही नोंद आधी केलेली नसेल, तर प्रेक्षक जे म्हणतील तेच आपल्याला साधायचे होते, अशी समजूत करून घेणे फार सोपे जाते.

दुसरी पायरी: प्रेक्षक जपून वापरावेत

दचका एकदाच लागू पडतो. ज्याने ट्रेलर एकदा पाहिला, तो प्रेक्षक भीतीच्या चाचणीसाठी संपला; सुधारलेली आवृत्ती त्यालाच दाखवून ‘आता बरा झाला का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. म्हणून अठरा जण मिळणार असतील, तर त्या सर्वांना पहिल्याच दिवशी एकत्र बसवू नये. सहा-सहांचे तीन गट करून प्रत्येक आवृत्तीसाठी एक कोरा गट राखून ठेवावा.

गटात वर्गमित्र कमी आणि परके जास्त असावेत. ज्यांनी चित्रीकरणाच्या गमती ऐकल्या आहेत, त्यांना पडद्यावर भूत दिसत नाही, चेहऱ्याला पावडर फासलेला आपला मित्र दिसतो. काही प्रेक्षक नेहमी भयपट पाहणारे, तर काही तो प्रकार टाळणारे असावेत, कारण दोघांच्या तक्रारी निराळ्या असतात. शिवाय आपल्या गोष्टीतील खूण कोणाला कळते, याचाही विचार करावा. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी मेला तर मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, हे ज्याने लहानपणी ऐकले आहे, त्याच्यासाठी पिंपळाची सळसळ पुरेशी असते. ज्याने ते ऐकलेले नाही, त्याच्यासाठी ते नुसते झाड आहे. गोव्यातला किंवा तळकोकणातला देवचार, म्हणजे तिथल्या लोकसमजुतीतला एक आत्मा, विदर्भातल्या प्रेक्षकाला ओळखीचा असेलच, असे नाही. प्रत्येक गटात अशी खूण ठाऊक नसलेला किमान एक प्रेक्षक असला, तर ट्रेलर ऐकीव माहितीवर किती विसंबून आहे, ते चटकन समजते.

तिसरी पायरी: पडद्याकडे न पाहता प्रेक्षकाकडे पाहावे

ट्रेलर सुरू होण्याआधी कथेविषयी, मेहनतीविषयी किंवा अपुऱ्या साधनांविषयी एक शब्दही बोलू नये. दोनच गोष्टी सांगाव्यात: त्यात दचकवणारी दृश्ये आहेत आणि न पाहण्याची मुभा आहे. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा प्रकाश लखलखत असेल, तर प्रकाशाच्या उघडझापीने फेफरे येणाऱ्या व्यक्तीला त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून तशी सूचना द्यावी. त्याहून चांगले म्हणजे तो लखलखाट संकलनातच कमी करावा.

त्यानंतर, प्रेक्षकांची लेखी संमती घेऊन, पडद्याच्या बाजूला ठेवलेल्या फोनवर त्यांचे चेहरे चित्रित करावेत. अमेरिकेत २००९ मध्ये मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित झालेल्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ या भयपटाच्या ट्रेलरमध्ये अंधारात टिपलेल्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रियाच दाखवल्या होत्या. त्या निर्मात्यांना त्यांचा उपयोग जाहिरातीसाठी होता, आपल्याला तो निदानासाठी आहे. फोनच्या चित्रीकरणात ट्रेलरचा आवाजही आपोआप उतरतो. त्यामुळे संकलनाच्या टाइमलाइनवर ट्रेलर आणि चेहऱ्यांचे चित्रीकरण आवाज जुळवून शेजारी-शेजारी लावता येतात, आणि कोणत्या सेकंदाला कोण पुढे झुकले, कोणी नजर खाली वळवली, कोणी घड्याळ पाहिले, हे अचूक दिसते. चित्रीकरणाला संमती नसेल, तर दोघांनी बाजूला बसून वेळेसह नोंदी कराव्यात.

एक खेळ अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरवर आणि एक भर दुपारी फोनवर व्हावा. विद्यार्थ्यांचा ट्रेलर प्रत्यक्षात बहुतेक जण फोनवरच पाहतात. संकलनाच्या खोलीत चांगल्या हेडफोनवर काळजात धडकी भरवणारी खर्जातली घरघर फोनच्या छोट्या स्पीकरमधून जवळजवळ ऐकूच येत नाही, कारण ते स्पीकर खालच्या पट्टीतले आवाज वाजवूच शकत नाहीत. ‘मधे आवाज गेला होता का?’ असे कोणी विचारले, तर ती शांतता नसून आपली हरवलेली घरघर असू शकते. अंधारातल्या दृश्यांचेही तसेच होते.

चौथी पायरी: प्रश्न मोजके आणि ठरलेल्या क्रमाने

ट्रेलर संपताच चर्चा सुरू करू नये. एकाचे मत ऐकले की उरलेल्यांची मते त्याकडे झुकतात, म्हणून प्रत्येकाने आधी पाच मिनिटे एकट्याने लिहावे. पहिला प्रश्न सर्वांत मोकळा असावा: ‘जे आठवते ते क्रमाने लिहा.’ त्यात ज्या जागा आलेल्याच नाहीत, त्यांनी आपले काम केलेले नाही. दुसरा प्रश्न: ‘ही गोष्ट कोणाची आहे आणि तिच्यावर काय संकट आहे?’ तिसरा: ‘कोणत्या क्षणी अस्वस्थ वाटले आणि कोणत्या क्षणी लक्ष उडाले?’ चौथा: ‘संपूर्ण चित्रपटात काय होईल असे वाटते?’ ‘विहिरीचे दृश्य भीतीदायक वाटले ना?’ यासारखा उत्तर सुचवणारा प्रश्न टाळावा, कारण समोरचा माणूस भिडेपोटी होच म्हणतो. एक ते पाच गुण मागायचे असतील, तर ते सर्वांत शेवटी मागावेत.

पाचवी पायरी: तक्रारीचा उगम मागे जाऊन शोधावा

सगळ्या कामात ही पायरी अवघड आणि मोलाची आहे. ‘जॉज’ या १९७५ च्या चित्रपटाचे पूर्वदर्शन झाल्यावर दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांना प्रेक्षकांची आणखी एक किंकाळी हवीशी वाटली, म्हणून बुडालेल्या होडीच्या भोकातून मृत माणसाचे डोके पुढे येते ते दृश्य त्यांनी संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात नव्याने चित्रित केले. त्या दृश्याला किंकाळी मिळाली. मात्र नंतर शार्क अचानक पाण्याबाहेर येतो, त्या क्षणाला आधी मिळत होती तेवढी मोठी प्रतिक्रिया मिळेनाशी झाली, कारण एकदा फसलेला प्रेक्षक आता सावध बसला होता. शार्कच्या दृश्यात काहीही बदललेले नव्हते. आपल्या ट्रेलरमध्ये १:१४ चा हात कोणाला दचकवत नसेल, तर त्या हाताचे चित्रीकरण पुन्हा करण्याआधी ०:४५ चा चेहरा काढून पाहावा.

‘भीती वाटली नाही’ या तक्रारीमागे आणखीही कारणे असतात. दचक्याआधी पार्श्वसंगीत चढत गेले, तर ते प्रेक्षकाला आधीच सावध करते. प्रत्येक शॉट तालाच्या ठोक्यावर कापला असेल, तर पुढचा काप कधी येणार, हे त्याच्या कानाला कळते; अशा वेळी एक शॉट अपेक्षेपेक्षा सेकंदभर जास्त थांबवला, तरी फरक पडतो.

‘हसू आले’ हा अभिप्राय विद्यार्थ्यांना फार लागतो, पण तो वेळ पाहूनच वाचावा. दचक्यानंतर लगेच आलेले हसू ही सुटका असते आणि ती दचका लागल्याची खूण आहे. शांततेत किंवा चेहरा पडद्यावर असतानाच आलेले हसू मात्र रंगभूषा उघडी पडल्याचे सांगते. त्यावर उपाय बहुधा रंगभूषा सुधारण्याचा नसतो, तर ती कमी वेळ दाखवण्याचा असतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर पूर्ण सेकंदभर दिसणारा चेहरा सहा फ्रेमवर, म्हणजे साधारण पाव सेकंदावर आणून पाहावा. उरलेले प्रेक्षकाचे मन स्वतः भरते.

‘काही कळले नाही’ असे म्हणणाऱ्याला एक पुढचा प्रश्न विचारावा. ही मुलगी कोण आणि ती इथे का आली, हे कळले नसेल, तर ती उणीव आहे आणि ती सुरुवातीच्या वीस सेकंदांत भरून काढावी. पुढे काय होणार हे कळले नसेल, तर तेच तर हवे आहे. याउलट ‘सगळी गोष्ट समजली’ हे कौतुक समजू नये. कथेच्या शेवटच्या भागातले किती शॉट ट्रेलरमध्ये आले आहेत, ते मोजावे आणि त्यांतले बरेचसे काढावेत.

पाट्यांवरची अक्षरे वाचून झाली नाहीत, ही तक्रार सरळ असते. पाटीवरचा मजकूर सावकाश मोठ्याने वाचावा आणि तेवढा वेळ पाटी ठेवावी.

सहावी पायरी: एका वेळी एकच बदल

संगीत, काप आणि रंग एकदम बदलले, तर सुधारणा कशामुळे झाली, हे समजत नाही. मुळापाशी असलेला एक बदल निवडावा, फाइलला आवृत्तीचा क्रमांक द्यावा, जुनी फाइल जपून ठेवावी आणि राखून ठेवलेल्या कोऱ्या गटाला नवी आवृत्ती त्याच खोलीत, तेवढ्याच आवाजात दाखवावी. निष्कर्ष लिहिताना टक्केवारी वापरू नये. सहा माणसांच्या बाबतीत ‘६७ टक्के’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. ‘सहापैकी चौघे’ हे प्रामाणिक आहे.

काय नाकारावे

प्रेक्षकाची प्रतिक्रिया आणि त्याची सूचना यांत फरक करावा. त्याला कंटाळा आला, ही प्रतिक्रिया निर्विवाद खरी आहे. ‘भूत अजून जास्त दाखवा’ ही त्यावरची त्याची सूचना चुकीची असू शकते. सहापैकी दोघांना रहाटाचा आवाज लांबलेला वाटला आणि दोघांना तोच सर्वांत जास्त आठवला, तर संख्या मोजून निर्णय होत नाही. तो पहिल्या पायरीतल्या नोंदीकडे पाहून दिग्दर्शकाने घ्यायचा असतो. भयपट न आवडणाऱ्याने ‘हे बघवत नाही’ म्हटले, तर त्यावरून दृश्य सौम्य करू नये.

मूल्यमापनाचा अहवाल

अभ्यासक्रमासाठी अहवाल लिहायचा असेल, तर मिळालेल्या प्रशंसेची यादी देऊ नये. तीन-चार जागा निवडून प्रत्येकीबद्दल आपला हेतू, चेहऱ्यांवर दिसलेले, लेखी उत्तरांत आलेले, केलेला बदल आणि दुसऱ्या गटावर झालेला परिणाम सलग लिहावा. जो बदल फसला, तोही लिहावा, आणि नाकारलेल्या निदान एका सूचनेचे कारण द्यावे. प्रेक्षकांची नावे न देता ‘प्रेक्षक १’, ‘प्रेक्षक २’ असे उल्लेख करावेत आणि अहवाल सादर झाल्यावर चेहऱ्यांचे चित्रीकरण संमतिपत्रात सांगितलेल्या मुदतीत पुसून टाकावे.