चाकाचे नट किती आवळायचे? टॉर्क पाना वापरण्याची रीत

टायरच्या दुकानात हवेची गन वाजते, मग पोरगा लांब पान्यावर पाय देऊन वरून एक झटका मारतो आणि गाडीमालक निर्धास्त होतो. चाक आता हलत नाही म्हणजे काम चोख झालं, असा आपला समज. सोलापुरातल्या निम्म्याहून अधिक कारची चाकं अशीच बसवली जात असावीत, असं मला दुकानांसमोरून जाता-येता वाटतं. या पद्धतीत दोन गोष्टी बिघडतात. नट हवेत त्यापेक्षा जास्त आवळले जातात, आणि प्रत्येक नट वेगवेगळा आवळला जातो. दोन्हींवर उपाय एकच. शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर बसला की 'खट्' वाजणाऱ्या पान्याने, मोजून करायचं, आणि ते गाडीमालकाने स्वतः शिकून घ्यायचं. काम अवघड नाही, नीट केलं तर चारही चाकांना अर्धा तास पुरतो.

आवळल्यावर आत काय होतं

चाक ज्या फिरत्या भागावर बसतं तो हब. नट फिरवला की तो स्टडला, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आट्यांच्या खिळीला, बाहेर ओढतो. स्टड केसभर ताणला जातो. पोलाद परत आखडायला बघतं, त्या ओढीने रिम हबवर दाबून बसते. गाडीचं वजन, ब्रेकचा धक्का, वळणावरचा रेटा हे सगळं रिम आणि हब यांच्यातल्या या दाबामुळे पेललं जातं. दाब कमी पडला तर रिम हबवर किंचित सरकू लागते, छिद्रं रुंदावतात, स्टड वाकून वाकून तुटतात. दाब प्रमाणाबाहेर गेला तर स्टड कायमचा ताणला जातो आणि नंतर त्याची पकडच राहत नाही. नट असमान आवळले तर ब्रेकची डिस्क किंचित वाकडी दाबली जाते. मग ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं, आणि माणूस अलाइनमेंटवर पैसे घालवत बसतो.

पायाने आवळण्याचा हिशोब करून पाहू. टॉर्क म्हणजे बळ गुणिले पान्याची लांबी. 70 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे 200 न्यूटन-मीटर टॉर्क बसतो. बहुतेक कारना लागतो 85 ते 130 च्या दरम्यान. पान्याला मीटरभर पाइप घातला तर आकडा 650 च्या पुढे जातो आणि मग स्टड तुटला नाही तर नवल. वर आणखी एक तोटा आहे. मोहोळच्या पुढे रात्री पंक्चर झालं, तर असा आवळलेला नट गाडीतल्या आखूड पान्याने सुटतच नाही.

आधी आकडा शोधा

गाडीचं मॅन्युअल उघडा. चाक बदलण्याच्या प्रकरणात किंवा शेवटच्या तांत्रिक तक्त्यात हा आकडा असतो. टोयोटाच्या बहुतेक कारना 103 न्यूटन-मीटर, होंडाच्या बहुतेकांना 108, फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना 120. ह्युंदाईच्या पुस्तकात 107 ते 127 अशी मर्यादा दिलेली सापडते. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांना 85, नंतरच्या काही मॉडेलांना 100. हे आकडे अंदाज यावा म्हणून दिलेत. आवळायचं ते आपल्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणेच. शेजाऱ्याची गाडी त्याच कंपनीची आहे म्हणून त्याचा आकडा घेऊ नका.

एककाकडे नीट बघा. पुस्तकात किलो-मीटर (kgf-m, अंतराचा किलोमीटर नव्हे) लिहिलं असेल तर साधारण 9.8 ने गुणा. पान्यावर दोन मापं कोरलेली असतात, न्यूटन-मीटर आणि फूट-पाउंड. 103 हा आकडा चुकून फूट-पाउंडच्या बाजूला लावला तर प्रत्यक्षात 140 न्यूटन-मीटर बसतो. ही चूक फार सहज होते.

लागणारं सामान

अर्धा इंच चौकोनाचा, 'खट्' वाजणारा टॉर्क पाना. 28 ते 210 न्यूटन-मीटरचा पाना कारसाठी उत्तम, कारण लागणारा आकडा मापाच्या मध्यावर येतो. गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, जाड भिंतीची घ्या. मारुती आणि होंडाला बहुधा 19 मिलिमीटरची लागते, टोयोटा आणि ह्युंदाईला 21 ची. अलॉय असेल तर आतून-बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली गोटी मिळते, रिमला ओरखडे पडत नाहीत. शिवाय तारेचा ब्रश, कोरडं फडकं, चाकाला लावायला दोन दगड किंवा ठोकळे आणि जॅकखाली घालायला एक जाड फळी.

फळी विसरू नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडला की लोण्यासारखी होते. रस्त्याच्या कडेला मातीत जॅक लावला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. शक्य असेल तर पक्क्या, सपाट जागेवरच काम करा.

चाक चढवताना

हँडब्रेक ओढा, गिअर टाका, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच साध्या लांब पान्याने अर्धा फेरा सैल करा. टॉर्क पान्याने नट कधीही सोडवू नका, त्याचं माप बिघडतं. मग पुस्तकात दाखवलेल्या जागीच जॅक लावून चाक जमिनीपासून सुटेल इतकी गाडी उचला. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-पाय घालू नका.

चाक काढलं की हबचा चेहरा बघा. कोकणातल्यासारखा गंज इथे चढत नाही, पण धूळ आणि वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे हब आणि रिमच्या मधे हमखास सापडतात. असा पापुद्रा राहिला तर आज आकडा बरोबर लागतो आणि चार दिवसांत पापुद्रा चुरला की दाब उतरतो. हब, रिमची मागची बाजू आणि नट जिथे टेकतो ती बैठक तिन्ही ब्रशने साफ करा.

आता तेलाचा विषय. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायची सवय बऱ्याच मिस्त्रींना असते, हेतूही चांगला असतो. पण नट फिरवायला लागणाऱ्या जोरापैकी जवळजवळ नव्वद टक्के जोर घर्षणातच जातो. स्टड ताणायला उरतो तो उरलेला थोडा. तेलाने घर्षण कमी झालं की तोच आकडा लावूनही स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. पुस्तकानेच सांगितलं नसेल तर तेल नको. आधीचं तेल असेल तर पुसून काढा.

प्रत्येक नट हाताने चढवा, निदान चार-पाच फेरे बोटांनीच. बोटांनी फिरत नसेल तर आटे आडवे बसतायत. मागे घ्या, साफ करा, पुन्हा लावा. गनने सुरुवात केली तर आडवे आटे कळतच नाहीत आणि स्टड जातो. नटाची निमुळती बाजू रिमकडे. अलॉय बाहेरून घेतले असतील तर नटही त्या रिमच्या बैठकीचेच हवेत, कारण काही निमुळते असतात आणि काही गोल बैठकीचे. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये स्टड नसून थेट बोल्ट असतात, रीत तीच.

आवळण्याचा क्रम

चार नट असतील तर एक लावला की त्याच्या समोरचा. पाच असतील तर एक सोडून एक असं जात राहा, तारा काढल्यासारखा क्रम होतो. ओळीने गोल फिरत आवळलं तर रिम एका बाजूला आधी टेकते आणि तिरकी बसते.

पहिला फेरा चाक हवेत असतानाच, साध्या पान्याने, हाताच्या बेताच्या जोराने, रिम हबवर सपाट टेकेपर्यंत. मग गाडी खाली घ्या, म्हणजे चाक फिरणार नाही. दुसरा फेरा टॉर्क पान्याने अर्ध्या आकड्यावर. तिसरा पूर्ण आकड्यावर.

पाना असा लावायचा: मुठीच्या टोकाची कडी सैल करा आणि मूठ फिरवून आकडा आणा. काही पान्यांच्या दांड्यावरच्या रेघा 14-14 ने वाढतात आणि मधले आकडे फिरत्या मुठीवर असतात. अशा पान्यावर 103 लावायचे तर दांड्यावर 98 आणि मुठीवर 5. कडी परत आवळा. मुठीच्या मध्यावर धरा, एक हात पान्याच्या डोक्यावर टेकवून गोटी सरळ ठेवा आणि सावकाश, एका ओढीत खेचा. 'खट्' जाणवलं की थांबा. खात्रीसाठी आणखी दोनदा खटखट करायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण प्रत्येक वेळी नट थोडा पुढे सरकू शकतो. पान्याला पाइप जोडू नका.

दुकानात काम करून घेताना

पंक्चर काढणाऱ्याशी वाद घालायची गरज नाही. "अण्णा, नट हाताने चढवा, गन नुसती टेकवा, शेवटचं मी माझ्या पान्याने लावतो," एवढं सांगितलं की पुरतं. बहुतेक जण मान्य करतात, काही जण उत्सुकतेने पाना हातात घेऊन बघतात.

पण गनने आधीच करकचून आवळलेल्या नटावर टॉर्क पाना लावून 'खट्' वाजलं, तर त्यातून एवढंच कळतं की नट लावलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून जास्त घट्ट आहे. किती जास्त, ते कळत नाही. ही तपासणी करून समाधान मानणारे लोक मी पाहिलेत. खरं मोजायचं असेल तर गाडी जमिनीवर ठेवून एकेक नट साध्या पान्याने अर्धा फेरा सोडवा आणि पुन्हा आकड्यावर आणा. एक पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला हात लावा. सोडवताना एखादा नट विचित्र मऊ लागला किंवा आवळताना फिरतच राहिला आणि 'खट्' येईना, तर स्टड ताणला गेलाय. तो बदलूनच गाडी चालवा.

पुन्हा तपासणी

चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर एकदा नट परत तपासायचे. नवं अलॉय, रंगवलेली रिम किंवा नवे स्टड असतील तर हे टाळूच नका, कारण बैठकीवरचा रंग दबला की पकड सैल होते. सोलापूरकरांना हिशोब सोपा आहे: अक्कलकोट किंवा तुळजापूरला जाऊन आलात की साधारण तेवढं अंतर होतं. मात्र आल्या आल्या पाना लावू नका. मे महिन्यात 42-43 अंशांत महामार्गावरून आलेली गाडी आणि त्यात ब्रेकने तापलेला हब यामुळे धातू फुगलेला असतो आणि आकडा फसवा निघतो. चाकं गार होऊ द्या, सकाळी उन्हाआधी केलं तर सगळ्यात बरं.

तपासताना नट आधी सोडवायचा नाही. त्याच आकड्यावर पाना लावून ओढा. 'खट्' येण्याआधी नट सरकला तर तो सैल होता. क्रमाने सगळे पुन्हा घ्या आणि आणखी 50-100 किलोमीटरनंतर परत बघा. तोच नट दुसऱ्यांदाही सैल निघाला तर बैठक, छिद्र किंवा स्टड खराब आहे, मिस्त्रीला दाखवा. पूर्ण आवळल्यावर नटावरून रिमवर उतरणारी रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवली, तर पुढे रेघ तुटलेली दिसते आणि नट हलल्याचं नुसत्या नजरेने कळतं. रस्त्यात कुठे स्टेपनी लावावी लागली आणि टॉर्क पाना जवळ नसला, तर गाडीतला पाना हातानेच घट्ट ओढा, पाय देऊ नका, आणि घरी आल्यावर मोजून लावा.

काम झालं की पान्याचं माप सगळ्यात खालच्या रेघेवर आणा, म्हणजे आतली स्प्रिंग दबून राहत नाही. त्या रेघेच्याही खाली मात्र मूठ उलगडू नका. पेटीत घालून कपाटात ठेवा, डिकीत आदळत राहिला तर माप सरकतं. रोज वापरणाऱ्या गॅरेजने 5000 वेळा वापरल्यावर किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, पाना तपासून घ्यावा असा प्रमाणित दंडक आहे. घरच्या पान्याची मोजणी 5000 पर्यंत जाणार नाही, पण तो कधी खाली पडला असेल तर तपासून घेतल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.