रविवारच्या विसाव्याची तयारी शनिवारी

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतील बहुतेक घरांत रविवार हाच आठवड्यातील सर्वांत धावपळीचा दिवस असतो. सकाळची उपासना, मुलांचे संडे स्कूल, दुपारचे मटण, संध्याकाळची महिला मंडळाची किंवा तरुण संघाची सभा, आणि रात्री पुन्हा सोमवारच्या डब्यांची काळजी. या साऱ्यात देवाजवळ निवांत बसणे तेवढे राहून जाते. माझ्या मते येथे कमी पडते ती तयारी. उरलेल्या वेळात विसावा मिळत नाही, तो आदल्या दिवशीच राखून ठेवावा लागतो.

रानातील इस्राएल लोकांना हीच सवय लावली गेली. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात, सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवाने रानात पुरवलेले अन्न, दुप्पट म्हणजे माणशी दोन ओमर (ओमर हे एक माप) गोळा करून, भाजायचे ते भाजून आणि शिजवायचे ते शिजवून ठेवण्यास सांगितले आहे. शब्बाथ, म्हणजे त्यांचा सातवा, विसाव्याचा दिवस, सुरू होतो तोही आदल्या सूर्यास्ताला. म्हणून आपणही शनिवारच्या दिवेलागणीपासूनच प्रारंभ करावा. कांदा-खोबऱ्याचे वाटण, इस्त्रीचे कपडे, दानाचे पाकीट आणि मुलांची दप्तरे ही कामे अंधार पडण्यापूर्वी हातावेगळी करावीत, आणि ती सर्वांनी वाटून घ्यावीत. एरवी घरादाराचा विसावा आईच्याच कष्टांवर उभा राहतो. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या 5व्या अध्यायातील शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी, बैल आणि गाढव यांनाही त्या दिवशी मोकळीक आहे, तेव्हा भांडी घासायला येणाऱ्या मावशींना रविवारी पगारी सुटी द्यावी.

रविवारी जेवणानंतर झोप आली तर खुशाल झोपावे. थकलेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडुपाखाली झोपला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खाऊ घातले. होरेब डोंगरावरची ती शांत, मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर.

उठल्यावर, साधारण चार वाजता, फोन दुसऱ्या खोलीतील कपाटात ठेवून छापील शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसावे. आरंभाला स्तोत्र 131 उत्तम. त्यात तीनच वचने आहेत, आणि दूध तुटलेल्या, आईजवळ शांत असलेल्या बालकाचे चित्र आहे. असे मूल काही मागण्यासाठी आईला बिलगलेले नसते. हे स्तोत्र सावकाश तीनदा वाचावे, जो शब्द मनाला धरून ठेवील त्यावर थांबावे, आणि दहा मिनिटे विनंत्यांची यादी न मांडता नुसते बसावे. मन भटकतेच. मला स्वतःला पहिले कित्येक रविवार गॅसच्या नंबराखेरीज काही सुचत नव्हते. अशा वेळी जवळच्या चिठ्ठीवर ‘गॅस’ एवढे लिहावे आणि पुन्हा त्या शब्दाकडे वळावे. किती वेळा वळावे लागले याचा हिशेब ठेवू नये.

परिचारिका, पोलीस, बसचालक यांना रविवारी सुटी मिळेलच असे नाही. त्यांनी आपल्या साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी हेच करावे. पाळकसाहेबांचा रविवार तर सेवेतच जातो. त्यांनी सोमवार राखून ठेवला असेल, तर वर्गणीच्या पावतीसाठी त्या दिवशी सकाळी त्यांना फोन करू नये.