चेन ओढताना पाहिलंत? आधी कागद घ्या

गेल्या श्रावणात रामबागेत, आमच्या बोळाच्या तोंडाशीच, शेजारच्या काकूंच्या गळ्यातली चेन ओढली. मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. इंदूरच्या कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, साक्षीदाराच्या स्मृतीवर दरवर्षी तास घेतला, आणि तरी मी केलं काय? खाली उतरून ओट्यावरच्या घोळक्यात शिरले. अर्ध्या तासात आठ जणांचं एकमत झालं: काळी पल्सर, मागच्याच्या डोक्यावर लाल हेल्मेट. किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात निघाली निळी स्कूटर. हेल्मेट दोघांनाही नव्हतं. लाल होता तो टी-शर्ट.

तर माझ्या फजितीतून तुम्ही शिका.

जखमी माणसाला सावरा, ११२ फिरवा आणि मग बाजूला व्हा. ‘तुम्ही पाहिलंत का हो?’ हा प्रश्न कुणालाही विचारायचा नाही. २००३ साली फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी एकच प्रसंग दोन कोनांतून चित्रित करून जोडीतल्या दोघांना वेगवेगळा दाखवला. दोघांना वाटे, आपण एकच पाहिलं. मग बोलू दिलं. बोललेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी पुढे स्वतः न पाहिलेलं काहीतरी ‘पाहिलं’ म्हणून सांगितलं. आमचा ओटा काही वेगळा नव्हता.

हाताला येईल तो कागद घ्या. मी दुसऱ्या दिवशी लाइट बिलाच्या मागे लिहिलं. उशीरच, पण नाहीपेक्षा बरं. लिहिण्याची रीत फिशर आणि गायझेलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची, १९८०च्या दशकातली. पोलिसांच्या चौकशीसाठी काढलेली, पण घरीही जमते. डोळे मिटून आधी त्या जागी परत उभं राहायचं. माझ्या बाबतीत कुकरची शिट्टी, ओल्या मातीचा वास, हातातला तांब्या. मग सुचेल ते सगळं लिहायचं, क्षुल्लक वाटलं तरी. चाळणी लावायची नाही. शेवटी उलटं यायचं: स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली, त्याआधी काय, त्याच्याही आधी काय. उलटं येताना मला आठवलं, स्कूटरला डावा आरसा नव्हता. हे ओट्यावर कुणीच बोललं नव्हतं. कॅमेऱ्यातही आरसा नव्हताच.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळ्या ओळीत लिहा. ‘काळी पल्सर’समोर मी लिहिलं: समोरच्या भाऊंनी सांगितलं.

आता जबाब. मला विचारलं गेलं, “हेलमेट लाल ही था ना, मैडम?” वाईट हेतू नसेल, पण उत्तर प्रश्नातच बसलेलं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना ‘धडकल्या तेव्हा वेग किती?’ असं विचारलं, काहींना ‘चक्काचूर झाल्या तेव्हा?’ असं. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? ‘धडकल्या’वाल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, ‘चक्काचूर’वाल्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. अशा वेळी सरळ म्हणा, “पता नहीं. जो देखा, वो बताती हूँ.” हे म्हणताना माझाही आवाज थोडा कापला, खोटं का बोला.

कायद्याचं थोडक्यात: बाईला किंवा साठीपुढच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी घेतात. चौकशीतल्या त्या जबाबावर तुमची सही लागत नाही. एफआयआर मात्र फिर्यादीने वाचून, मगच सही करायची. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

ओळख परेडची वेळ आलीच, तर त्याआधी मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘हाच तो’ फोटो उघडू नका. फोटोतला चेहरा डोक्यात बसतो आणि रांगेत तोच ओळखीचा वाटतो. शिवाय खरा चोर त्या रांगेत असेलच असं नाही. ‘यांच्यात नाही’ म्हणता येतं.

काकूंची चेन अजून मिळालेली नाही. लाइट बिल मी फायलीत लावून ठेवलंय.