आंब्याच्या हिशेबाचा लॅपटॉप असा सुधारला

देवगडला आमच्या घरी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ज्या लॅपटॉपवर होतो, तो सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागायची. ऐन एप्रिलात गिऱ्हाईक फोनवर ताटकळायचं, बाबांचा जीव कासावीस व्हायचा.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (लॅपटॉपच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी) उघडला. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवरच अडकलेला. स्टार्टअपच्या, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीतला अँटिव्हायरस तेवढा ठेवला, नको ते सगळं डिसेबल (बंद) केलं. थोडा फरक पडला, पण मूळ दुखणं ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेरे) जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं. विंडोज १० तिच्यावर रखडणारच.

कणकवलीहून साटा जोडणीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आणली. आधी सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर घेतला (हे अजिबात टाळू नका), मग जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवली (क्लोन केली). नवी बसवायला झाकण उघडलं तर खाऱ्या हवेनं स्क्रू गंजलेले, पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा जाड, चिकट थर. पंखा बोटानं धरून मऊ ब्रशनं तो थर हळूहळू सोडवला. वारा कोंडला की प्रोसेसर तापतो आणि आपला वेग आपणच कमी करतो.

आता बाबा चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत हिशेब उघडलेला असतो.