लॉनचं कार्पेट टाकताय? आधी खालची माती बघा

थंडी ओसरून जमीन जरा तापायला लागली की घरापुढे लॉन करायची हुक्की येते, आणि बी टाकून महिना-दोन महिने वाट बघायची कोणाची तयारी नसते, म्हणून सरळ तयार कार्पेट, म्हणजे मातीसकट कापलेल्या जिवंत गवताचे रोल मागवतात. हरळी, झॉयसिया असली गरम हवेतली गवतं असतील तर वेळ बरोबर आहे, मुळं धरायला पुढे अख्खा उबदार हंगाम मिळतो. फेस्क्यू, ब्लूग्रास असल्या थंड हवेतल्या जाती असतील तर मात्र कडक ऊन जाऊ द्या आणि मगच हात घाला.

गंमत अशी की कार्पेट टाकलं त्याच संध्याकाळी अंगण हिरवंगार दिसतं, सगळे फोटो काढतात आणि काम झालं असं समजतात. पण ते गवत मशीनने मातीसकट दोन सेंटीमीटरचा पापुद्रा कापून काढलेलं असतं, त्याची बहुतेक मुळं मागे शेतातच राहिलेली असतात, आणि वरचा हिरवेपणा चालतो तो जुन्या शिदोरीवर. नवीन मुळं तुमच्या मातीत उतरेपर्यंत त्याची तहान तुम्हालाच भागवायची आहे.

आता मातीचं. जुन्या गवतावरच कार्पेट अंथरायचा आळशीपणा बिलकुल करू नका, मधे थर राहतो आणि मुळं खाली जातच नाहीत. हरळीच्या जुन्या काशा (मातीत पसरलेली तिची दोरीसारखी खोडं) वेचून काढा, आणि लव्हाळा हे तण असेल तर त्याच्याशी आधी निपटा. लव्हाळा नुसता वरून खुरपला तर त्याला काहीच होत नाही, खाली गाठी राहतात, आणि कोंब असा सुईसारखा असतो की नव्या कोऱ्या कार्पेटमधून आठ-दहा दिवसांत वर येतो. माझ्या मते हातात वेळ असेल तर जागा साफ करून पाणी द्यायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं, जे उगवेल ते गाठीसकट खणून काढायचं, जमलं तर परत एकदा तसंच करायचं. कंटाळवाणं आहे, पण नंतर कार्पेट टाकल्यावर एक-एक गाठ शोधत बसण्यापेक्षा बरं.

मग माती 15 सेंटीमीटर खोल खणा, ढेकळं फोडा, दगड आणि बांधकामाचा राडारोडा काढा, आणि वरून 3 ते 5 सेंटीमीटर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पसरून मिसळून घ्या. कच्चं शेणखत नको, त्यातून तणाचं बी येतं आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीपण येते. मातीचा सामू (pH) 6 ते 7 च्या आसपास असला की गवत खुश असतं, पण माती तपासल्याशिवाय चुना-बिना टाकत बसू नका. हे सगळं वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नसताना करायचं, चिखलात केलं तर माती विटेसारखी घट्ट होते. दाताळ्याने लेव्हल करताना उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरला एक-दोन सेंटीमीटर पुरतो. पायवाटेच्या कडेला माती दोन-अडीच सेंटीमीटर खाली ठेवा, म्हणजे कार्पेट आल्यावर बरोबर फरशीच्या लेव्हलला बसेल. शेवटी हलका रोलर फिरवा आणि चालून बघा, ठसा उमटला पाहिजे पण पाय रुतला नाही पाहिजे.

आणि कार्पेट बोलवायचं ते जमीन तयार झाल्यावरच. हे मी ठेच लागून शिकलोय. एकदा माल संध्याकाळी आला, म्हटलं सकाळी टाकू, वरून ताडपत्री घालून ठेवली. सकाळी मधला रोल काढायला हात घातला तर आत चक्क गरम, आणि वास मुरघासासारखा, म्हणजे आंबवलेल्या चाऱ्यासारखा. कडेचे रोल ठीक होते, मधले उलगडले तर पानं पिवळी पडून गळत होती, जवळपास अर्धा माल फेकला. गवत कापलं तरी श्वास घेतच असतं, ढिगात ती ऊब बाहेर पडत नाही. त्यामुळे कापल्यापासून 24 तासांत टाका, उन्हाळ्यात तर त्याच दिवशी. मोजमापापेक्षा 5 ते 10 टक्के जास्त मागवा, वळणं कापताना तुकडे वाया जातातच.

टाकताना सगळ्यात लांब सरळ कडेला दोरी धरून पहिली ओळ लावा. पुढच्या ओळीचे सांधे भिंतीतल्या विटांसारखे आडवे-तिडवे यायला हवेत, एका रेषेत नको. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवा, पण ताणू नका, ताणलेलं कार्पेट सुकलं की आखडतं आणि फटी पडतात. एकावर एक चढवू नका. बारीक चिंचोळ्या पट्ट्या कडेला ठेवल्या तर आधी त्याच वाळतात, त्या आत घ्या. उतारावर तुकडे आडवे लावून लाकडी खुंट्या ठोका. नव्या कार्पेटवर गुडघे टेकायचे तर फळी टाका. राहिलेल्या फटींत भुसभुशीत माती भरा, वरून रोलर फिरवा, खाली हवा राहिली तर तेवढा भाग वाळतो.

पाणी अख्खं अंगण होईपर्यंत थांबवू नका, जेवढं टाकलं तेवढं अर्ध्या तासात भिजवायला घ्या. पहिल्या दिवशी कोपरा उचलून बघायचा, खालची माती 10 सेंटीमीटरपर्यंत ओली हवी, नुसतं कार्पेट ओलं असून उपयोग नाही. पहिला आठवडा दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, दुसऱ्या आठवड्यात दिवसातून एकदा, पाऊस असेल तर अर्थातच कमी. फरशीलगतच्या कडा तापतात, तिथे हाताने पाइप धरा. पान निळसर-करडं दिसायला लागलं किंवा चाललेल्या पावलाचे ठसे तसेच राहिले तर समजा तहान लागलीये. उलट पायाखाली पचपच वाजतंय, वास येतोय, तर हात आवरा, मुळं कुजतील. रात्रीचं पाणी नकोच, बुरशी येते.

दहा-पंधरा दिवसांनी कोपरा हलकेच ओढून बघा. खालून धरून ठेवल्यासारखं वाटलं की मुळं उतरली. मग पाणी कमी वेळा पण खोल, आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर, दोन वेळात विभागून. स्प्रिंकलर किती वेळ चालवायचा ते कळत नसेल तर लॉनवर दोन-तीन सपाट डबे ठेवा आणि पाणी मोजा.

मुळं धरल्याशिवाय मशीन फिरवू नका, नाहीतर चाकाबरोबर तुकडाच उचलला जातो. कापायच्या आधी एक-दोन दिवस पाणी बंद, पातं धारदार, आणि एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त नाही. म्हणजे 4 सेंटीमीटर ठेवायचं असेल तर 6 झालं की कापा. पोरं आणि कुत्रा यांना तीन आठवडे तरी लांब ठेवा (हे सांगायला सोपं आहे, माहितीये मला). खताचा पुढचा हप्ता महिना-दीड महिन्याने, तणनाशक तीन कापण्या होईपर्यंत नकोच.

एखादा तुकडा मेलाच तर चौकोनी कापून काढा, खालची माती मोकळी करून नवीन बसवा, आणि त्याला परत पहिल्या दिवसापासून पाणी सुरू करा, बाकीच्या लॉनच्या वेळापत्रकावर ठेवलंत तर तोही जाईल.