आवडता रॉक अल्बम ठरवायचा कसा

रॉकचा अल्बम गाण्यांनी मोजू नये, बाजूंनी मोजावा. १९६० आणि ७० च्या दशकांतले अल्बम १२ इंची तबकडीसाठी बांधलेले आहेत: मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला साधारण १८ ते २२ मिनिटं. त्याहून जास्त भरायचं तर खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, मग आवाज दबतो आणि खर्ज आवळावा लागतो. सुई लेबलाकडे सरकेल तसा एका फेऱ्यातला खाचेचा पल्लाही कमी होतो, म्हणून तिथे झांजा आणि ‘स’चे उच्चार फाटायला लागतात. बाजू कशाने उघडायची, कशावर मिटायची, हे या मर्यादा ओळखूनच ठरायचं. फोनवर सगळी गाणी एका रांगेत लागतात, तेव्हा ही रचना दिसतच नाही. ती आधी परत जागेवर बसवावी लागते.

इंदूरच्या मराठी घरांत यासाठी कान आधीच तयार असतो. इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झूमरा तालातला विलंबित ख्याल ज्यांनी ऐकला आहे, त्यांना १४ मात्रांच्या आवर्तनात समेची वाट पाहणं शिकवावं लागत नाही. रॉक ऐकताना तोच कान वापरायचा.

खोली आणि आवाज

आपल्याकडच्या खोल्या म्हणजे गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती आणि समोर काचेचं शोकेस. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज आला, तर ड्रमचा प्रत्येक ठोका तसाच दोनदा ऐकू येणार. स्पीकर आणि बैठक यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा दुहेरी गोधडी घाला, पाठीमागच्या भिंतीला गादी उभी करा, पडदे ओढून घ्या. एवढ्याने निम्मं काम होतं, खर्च शून्य.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू ५ ते ७ फुटांची. उंच स्वरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीवर हवा. भिंतीपासून निदान एक फूट अंतर सोडा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो आणि बेस गिटारचे वेगवेगळे सूर एकाच घुमण्यात बुडतात. लोखंडी कपाटावर तर ठेवूच नका, कपाट स्वतःच वाजायला लागतं. खाली रबराचे तुकडे ठेवले की स्लॅबमधून खालच्या मजल्यावर जाणारा धक्काही कमी होतो.

मग तपासा: गायकाचा आवाज नेमका मधोमध येतो का? तो पसरलेला, जागा नसलेला वाटला आणि खर्ज पातळ लागला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या आहेत. लाल टोक लालला, काळं काळ्याला. मात्र ६० च्या दशकातल्या काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गाणं एका कानात आणि वाद्यं दुसऱ्यात असतात. तो मुद्रणाचा भाग आहे, हेडफोन दुरुस्तीला देऊ नका.

पंखा हा मोठा शत्रू. पाचवर फिरणारा पंखा शांत सुरुवाती गिळून टाकतो. मे महिन्यात दुपारी ऐकायचा हट्ट नको, माळव्याची रात्र त्यासाठीच आहे. रात्री १० नंतर मात्र हेडफोन घ्या. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि रॉक ४५ डेसिबलमध्ये बसत नाही. दिवसाही सरासरी ८० ते ८५ च्या वर जाऊ नका, फोनवरच्या मोजणीच्या अॅपवर अंदाज येतो. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज जास्त आहे.

अॅपमधल्या चार गोष्टी आधी बंद करा

शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेड शून्यावर. अल्बम संपल्यावर आपोआप पुढचं काहीतरी लावणारी सोय बंद. आणि सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोयही बंद, कारण अल्बममधलं हळू गाणं हळूच राहायला हवं. दोन गाण्यांमध्ये खंड न पाडणारी ‘गॅपलेस’ सोय मात्र चालू हवी. दर्जा सर्वांत वरचा निवडा आणि शक्य असेल तर ब्लूटूथऐवजी तार वापरा.

हे का, ते पिंक फ्लॉइडच्या १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’वर लगेच कळतं. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी पूर्ण भरलेला आवाज अचानक शोषला जातो आणि जणू शेजारच्या खोलीतल्या लहानशा रेडिओतून यायला लागतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला स्पीकर गेला असंच वाटतं. मग रेडिओचे खटके, स्टेशन बदलणं, पातळ आवाजातली बारा तारांची गिटार, आणि तिच्यासमोर, अगदी आपल्या पुढ्यात, दुसरी गिटार भरदार उतरते. कोणीतरी खोलीत बसून रेडिओबरोबर वाजवतंय, असा तो प्रसंग आहे. क्रॉसफेड चालू असेल तर पाच-सहा सेकंदांत त्याचा चिखल होतो.

कोणती आवृत्ती लावायची, हाही प्रश्न असतो. ‘रीमास्टर्ड’ (जुन्या ध्वनिमुद्रणावरून नव्याने तयार केलेली आवृत्ती) लिहिलं म्हणजे सुधारलं असं नाही. नव्वदच्या दशकापासून सगळंच मोठ्याने वाजावं म्हणून हळू आणि जोराच्या आवाजांतलं अंतर दाबायची पद्धत पडली. मेटॅलिकाचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ हे त्याचं ठळक उदाहरण: गाणी चांगली, पण आवाज इतका कोंबलेला की तो फाटतो आणि अर्ध्या तासात कान थकतात. दोन आवृत्त्या ताडताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतोच, ही कानाची जुनी खोड आहे.

तीन वेळा ऐकणं

एका आठवड्याला एकच अल्बम. पहिल्या दिवशी सलग ऐका, फोन दुसऱ्या खोलीत. पहिली बाजू संपली की पाच मिनिटं थांबा, पाणी प्या, मग दुसरी. जुन्या अल्बमची बाजू कुठे संपते ते नक्की शोधून ठेवा.

बीटल्सचा ‘अॅबी रोड’ (१९६९) घ्या. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं तीच तीच गिटारची सुरावट घेऊन वाढत जातं, मागून वाऱ्यासारखा घोंघाट चढत जातो आणि मध्येच, सुरावट पूर्णही न होता, टेप कापलेली. धप्प शांतता. तबकडीवर इथे उठावं लागायचं. अॅपवर त्या कापलेल्या टोकाला लागूनच ‘हिअर कम्स द सन’ची कोवळी गिटार सुरू होते आणि दोन्ही गाण्यांचा जीव जातो. पाच मिनिटं थांबून ती गिटार ऐका. ते गाणं ऊन पडल्यासारखं का वाटतं, ते तेव्हाच कळतं.

तीन दिवसांनी दुसरं ऐकणं. या वेळी एकच वाद्य धरा, शक्यतो बेस गिटार. कान गाण्याकडे पळेल, त्याला परत आणा. बेस कुठे ड्रमबरोबर चालतो आणि कुठे स्वतःची चाल घेतो, एवढंच बघा. तिसऱ्या वेळी शब्द समोर ठेवा. शब्द पहिल्या दिवशी वाचू नयेत, कारण मग ऐकणं मागे पडतं आणि अर्थ लावणंच सुरू होतं.

वहीत एका अल्बमला एक पान पुरे. डावीकडे गाण्यांचा क्रम, उजवीकडे मिनिट-सेकंद घालून काय घडलं ते. ‘भारी गिटार’ असं लिहू नका, आठवड्याने त्याचा काही उपयोग नसतो. ‘४ मि. १८ से., ड्रम आत्ता आले’ असं लिहा. ही नोंद लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधल्या ‘स्टेअरवे टू हेवन’ची. आठ मिनिटांच्या गाण्यात अर्धं गाणं ड्रमशिवाय निघतं, हे लिहिल्याशिवाय बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कुठून सुरू करावं, आणि आमचं मत

पहिला अल्बम पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३). एकूण साधारण ४३ मिनिटं. सुरुवातीला हृदयाचे ठोके इतके हळू आहेत की माणूस आवाज वाढवतो, आणि थोड्या वेळाने घड्याळांचे गजर अंगावर येतात. म्हणून आवाज आधी त्यातलं ‘मनी’ हे गाणं लावून ठरवा, मग तिथून हात न लावता पहिल्यापासून ऐका.

‘मनी’ हाच सात मात्रांचा धडा. गल्ल्याचा खणखणाट, नाणी, कागद फाटणं असे सात आवाज टेपवर घेऊन, ते तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले आणि चिकटवून त्याचं वेटोळं फिरवलं. प्रत्येक मात्रेला एक आवाज. टाळी देत मोजा, पण रूपकाचे तीन-दोन-दोन असे खंड त्यावर लादू नका, इथलं वजन वेगळं पडतं. फक्त सम पकडा. मग गिटारचा मोठा तुकडा येतो तेव्हा मोजणी चुकते. चूक तुमची नाही, तिथे लय चार मात्रांवर जाते आणि नंतर परत सातावर येते. या दोन सांध्यांची वेळ वहीत टिपा.

त्यानंतर ‘कश्मीर’, लेड झेपेलिनच्या १९७५ च्या ‘फिजिकल ग्रॅफिटी’मधलं. नाव काश्मीरचं, पण गाणं सुचलं दक्षिण मोरोक्कोच्या रस्त्यावर. ड्रम चारात चालतात, गिटारची चढती सुरावट तिनात. उजव्या हाताने मांडीवर चार, डाव्या हाताच्या बोटांवर तीन मोजा. दोघांची सम १२ मात्रांनी एकत्र येते. एकताल बोटांवर असलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत जमतं, आणि जमलं की हे साडेआठ मिनिटांचं गाणं कधीच लांब वाटत नाही. आमच्या मते या बँडचं सर्वांत मोठं गाणं हेच, ‘स्टेअरवे’ नव्हे.

तरीही अल्बम म्हणून त्यांचा चौथा अल्बमच वर. कारण त्याचं शेवटचं गाणं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. जॉन बॉनमचे ड्रम एका जुन्या घराच्या जिन्याच्या उंच दालनात ठेवले आणि माइक वर जिन्यावरून टांगले. जवळून टिपलेला ठोका कोरडा असतो, इथे ठोक्याबरोबर ती सगळी पोकळी ऐकू येते. इंदुरातल्या जुन्या वाड्याच्या चौकात ढोलाचा पहिला टोला पडतो तेव्हा जे होतं, तेच.

डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’मधून (१९७२) सगळे ‘स्मोक ऑन द वॉटर’ उचलतात. माँत्रोच्या कसिनोला लागलेल्या आगीची ती खरी हकिकत, पण अल्बमचा कस पहिल्या ‘हायवे स्टार’मध्ये आहे. आधी ऑर्गन, नंतर गिटार, असे दोन मोठे तुकडे त्यात येतात. हार्मोनियम ऐकून वाढलेल्यांनी ऑर्गनच्या तुकड्यात डावा हात काय करतो ते ऐकावं.

‘विश यू वेअर हिअर’चा वर उल्लेख आला, पण तो यादीत चौथा किंवा पाचवा ठेवा, पहिला नको. त्याच्या पहिल्या गाण्यात शब्द साडेआठ मिनिटांनंतर येतात. घाई असलेला माणूस तिथेच सोडून देतो. आलापीची सवय असलेल्याला हा अल्बम ‘डार्क साइड’पेक्षा खोल वाटतो, आणि आमचंही मत तेच आहे.

हिंदुस्थानी नाव हवं तर इंडियन ओशनचा ‘कंडिसा’ (२०००). त्यातल्या ‘माँ रेवा’साठी इंदूरकरांना वेगळी प्रस्तावना नको, रेवा म्हणजे नर्मदा, आणि नळाला येतं ते पाणी तिचंच. त्यात असीम चक्रवर्तींचा तबला आणि राहुल राम यांचा बेस एकमेकांना कशी जागा देतात, ते दुसऱ्या ऐकण्यात धरा.

तबकडी असेल तर

आजोबांच्या पेटीसारख्या जुन्या प्लेअरवर चांगली तबकडी लावू नका. त्याच्या सिरॅमिक सुईचा भार ५-६ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो, आणि चार-दोन वेळा वाजवण्यात वरचे स्वर खरवडले जातात. चुंबकावर चालणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट सुईला बहुधा दीड ते दोन ग्रॅम लागतो. नेमका आकडा सुईच्या कागदावर असतो, आणि तो पाळायला ग्रॅमचा लहान काटा घ्या. भार फार कमी ठेवला तरी सुई खाचेत उड्या मारते आणि नुकसान तेवढंच होतं. कोलकात्याजवळच्या दमदमच्या तबकड्यांच्या कारखान्यातल्या जुन्या प्रती घेताना तिरप्या उजेडात धरून बघा. नखाला लागते ती चीर वाजणारच. तबकड्या उभ्या ठेवा, आणि उन्हाळ्यात गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.

यादी

दोन याद्या वेगळ्या ठेवा, गाण्यांची आणि अल्बमची. एका आवडत्या गाण्याच्या जोरावर अल्बम वर चढतो, ही सर्वांत नेहमीची चूक. ती टाळायला तिसऱ्या ऐकण्यानंतर आठवडाभर तो अल्बम लावू नका. मग कोऱ्या कागदावर गाण्यांचा क्रम आठवून लिहा. मधली दोन-तीन गाणी आठवली नाहीत, तर तो गाण्यांच्या यादीतला अल्बम आहे. क्रम आपोआप आला, एक गाणं संपताना पुढच्याचा पहिला सूर मनात वाजला, तर तो अल्बमच्या यादीत लिहा.

शेवटी प्रत्येक नावापुढे कारणाची एक ओळ, मिनिट-सेकंदासकट. यादी पेन्सिलने लिहा. सहा महिन्यांनी तीच नोंद उघडून, त्याच मिनिटाला तेच ऐकू येतं का ते तपासा. नाही आलं तर नाव खोडा.