सॅकमध्ये मावणारं रेनजॅकेट: घेण्याआधी काय काय पाहायचं

सगळ्यात आधी स्वतःला विचारा: हे जॅकेट अंगावर जास्त राहणार आहे की सॅकमध्ये? दिवसभर मुसळधार पावसात चालायचं ठरवूनच निघत असाल, तर जाड कापडाचं, दणकट जॅकेट घ्या आणि त्याचं वजन आनंदाने वाहा. घडी करून मुठीत मावणारं हलकं जॅकेट वेगळ्या दिवसांसाठी असतं. सकाळी आभाळ मोकळं असतं, दुपारी ढग दाटतात आणि पुढचा तासभर आडोसा नसतो. अशा दिवशी जड जॅकेट घरीच राहिलेलं असतं, कारण निघताना कुणीतरी म्हणालेलं असतं, ‘आज कुठला पाऊस!’ हलकं जॅकेट मात्र सॅकच्या कोपऱ्यात कायमचं पडून राहू शकतं. म्हणून वजन कमी असणं इथे खरोखर गरजेचं आहे.

फक्त ते वजन कुठून कमी केलंय, हे बघायचं. खिसे कमी केलेत, अस्तर काढलंय, कापड पातळ वापरलंय, तर हरकत नाही. पण शिवणींवरची पट्टी वगळली असेल, हुडच्या नाड्या काढल्या असतील किंवा बाह्या आखूड ठेवल्या असतील, तर तिथे वाचलेले ग्रॅम नेमके पावसात महागात पडतात. पुढची सगळी यादी याच कसोटीवर तपासा.

ही काळजी नुसत्या सोयीसाठी नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. चिंब भिजलेल्या माणसाला वारा लागला, तर बर्फ पडत नसतानाही, अगदी ८-१० अंश तापमानातसुद्धा शरीर भराभर गार पडतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. हातांची हालचाल बिघडते, बोलणं अडखळतं आणि निर्णय चुकायला लागतात. उंचावर, उघड्यावर फिरणाऱ्याने जॅकेट निवडताना हे डोक्यात ठेवावं.

आता लेबल वाचू. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे भुरभुर पाऊस थोडा वेळ अडवणारं कापड. विंडचीटर बहुतेक या जातीचे असतात. वाऱ्याला ते उत्तम, पण जोराच्या सरीत पाचदहा मिनिटांत हार मानतात. आपल्याला हवं ते ‘वॉटरप्रूफ’, आणि त्याच्यासोबत आकडा हवा. हा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच होईपर्यंत ते पाणी आत येऊ देत नाही, हे तो सांगतो. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंचीचा स्तंभ. पावसाच्या थेंबाचा दाब याच्या मानाने फारच कमी असतो. मग एवढा आकडा लागतो कशाला? सॅकच्या पट्ट्यांसाठी. ओल्या कापडावर पट्टा दाबून बसतो, घासत राहतो, ओल्या दगडावर बसलं की सगळा भार एका जागी येतो, आणि पाणी तिथूनच शिरतं. पाठीवर सॅक असणार असेल तर १०,०००च्या खाली जाऊ नका. १५,००० ते २०,००० मिळालं तर उत्तम, पण त्याच्या वरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही.

लेबलवर दुसरा आकडा असतो घामाच्या वाफेचा: एका चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. इथेही १०,०००, २०,००० असे आकडे दिसतील आणि जितका मोठा तितका चांगला असं वाटेल. पण ही चाचणी करण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत आणि एकाच कापडाला वेगवेगळ्या पद्धतींत वेगवेगळा आकडा मिळतो. त्यामुळे एका कंपनीचे २०,००० आणि दुसरीचे २०,००० सारखेच असतील, असं धरून चालू नका. काही ठिकाणी ‘आरईटी’ असं माप दिलेलं असतं. त्यात उलटा हिशेब असतो, म्हणजे आकडा जितका लहान तितकी वाफ सहज बाहेर जाते. सहाच्या खाली फार चांगलं, वीसच्या वर गेलं की चढावर गुदमरायला होतं.

पण आकडा कितीही चांगला असला तरी एक गोष्ट बदलत नाही. वाफ कापडातून बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या दमटपणात फरक असतो म्हणून. बाहेरची हवाच उबदार आणि दमट असेल, तर कुठलंही महागडं कापड घाम पुरेसा बाहेर काढू शकत नाही. जॅकेट गळत नसतं, तरी आतून अंग ओलं होतं आणि लोक जॅकेटला दोष देतात. चढ चढणाऱ्या माणसाला घाम येणारच. त्यावर खरा उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं: काखेखाली उघडणाऱ्या चेन, वरून-खालून दोन्हीकडून उघडणारी पुढची चेन, मनगटाशी सैल करता येणाऱ्या बाह्या. काखेतल्या चेनमुळे थोडं वजन वाढतं, आणि म्हणूनच सर्वांत हलक्या जॅकेटांत त्या नसतात. माझं मत विचाराल तर तुम्हाला भरपूर घाम येत असेल तेव्हा हे वजन जरूर घ्या. लेबलवरच्या मोठ्या आकड्यापेक्षा काखेतली उघडी चेन जास्त कामाची.

कापडाच्या रचनेत तीन प्रकार भेटतात. वाफ जाऊ देणारं आणि पाणी अडवणारं काम आतला अतिपातळ पडदा करतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. रॉबर्ट गोर यांनी १९६९मध्ये पीटीएफई, म्हणजे नॉनस्टिक भांड्यांवर असतं तेच द्रव्य, गरम करून झटक्यात ताणलं. त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला आणि १९७६पासून गोरटेक्सची जॅकेटं बाजारात आली. आज पॉलियुरेथेनचे आणि इतर पडदेही सर्रास वापरतात. दोन थरांच्या कापडात या पडद्याला बाहेरचं कापड चिकटवलेलं असतं आणि आत सुटं अस्तर असतं. ते शहरात छान, पण जड असतं आणि घडी मोठी होते, तेव्हा आपल्या यादीतून बाद. अडीच थरांच्या कापडात अस्तराऐवजी आतून नुसता छापील थर असतो. ते हलकं, स्वस्त आणि घडीला लहान, पण घाम आला की उघड्या हाताला चिकटतं. तीन थरांत आतूनही पातळ जाळीदार कापड चिकटवलेलं असतं. अंगाला ते कोरडं वाटतं, जास्त टिकतं आणि महाग पडतं. वर्षातून मोजक्या वेळा बाहेर पडणाऱ्याला अडीच थर पुरतात. आत पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट घातला की चिकटण्याचा त्रासही बराच कमी होतो. वारंवार जाणाऱ्याने तीन थरांकडे वळावं.

कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. ७ ते १५ डेनियरचं कापड इतकं पातळ असतं की हातात धरल्यावर विश्वास बसत नाही. मोकळ्या पायवाटेवर धावणाऱ्यांना ते ठीक, पण काटेरी झुडपं आणि खरखरीत कातळ त्याला सोसत नाहीत. २० ते ३० डेनियर हा माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य मध्य आहे. त्यात रिपस्टॉप वीण, म्हणजे बारीक चौकटींसारखे जाड धागे असतील, तर एखादी फाट पुढे पसरत नाही.

वजनाचं बोलायचं तर २०० ते ३०० ग्रॅमच्या दरम्यान सगळ्या आवश्यक सोयी असलेली जॅकेटं मिळतात. दीडशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली गेलात की काहीतरी सोडावं लागतं, आणि ४००च्या वर गेलं की ते सॅकमध्ये ‘असू दे’ म्हणून राहत नाही. जाहिरातीतलं वजन बहुधा एकाच ठरावीक मापाचं असतं, तुमचं माप मोठं असेल तर वजन वाढणार. घडीसाठी जॅकेट स्वतःच्याच खिशात भरता येत असेल तर सुटी पिशवी हरवायची भीती नाही. भरून झाल्यावर चेन एका हाताने, जोर न लावता बंद होते का, तेवढं बघा. थंडीने आखडलेल्या बोटांनी कोंबाकोंबी होत नाही.

आता जॅकेट उलटं करा, कारण आतली बाजू खरं सांगते. शिवताना सुईने पाडलेलं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट. चार्ल्स मॅकिंतॉश यांनी १८२३मध्ये रबराचा थर मधे असलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं, पण शिंप्यांनी ते शिवलं की टाक्यांतून पाऊस आत यायचा. त्यावर आजचा उपाय म्हणजे शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी. प्रत्येक शिवणीवर ती आहे का, बोट फिरवून पाहा. ‘क्रिटिकली टेप्ड’ लिहिलेलं असेल तर पट्टी फक्त खांदे, हुड अशा मोजक्या ठिकाणी असते. मुसळधार पावसासाठी ‘फुली सीम टेप्ड’च हवं. यात तडजोड नको. पट्टीचं टोक उचललेलं किंवा सुरकुतलेलं दिसलं तर दुसरा नग मागा.

हुडला वेळ द्या. बहुतेक लोक आरशात जॅकेट बघतात आणि हुड डोक्यावर घेतच नाहीत. हुड घाला, नाड्या ओढा आणि मान डावी-उजवीकडे वळवा. हुड मानेबरोबर वळला पाहिजे. तो जागेवरच राहिला आणि तुमची नजर कापडाच्या आतल्या बाजूवर गेली, तर रस्ता ओलांडताना किंवा निसरड्या उतारावर ते धोक्याचं आहे. पुढे जराशी कडक चोच असावी, म्हणजे पाणी चष्म्यावर न येता बाजूला निथळतं. डोक्यामागे घट्ट करायची नाडी असेल तर वाऱ्यात हुड उडत नाही. सायकल किंवा गिर्यारोहणासाठी हेल्मेट घालणार असाल तर ते सोबत नेऊनच जॅकेट घालून पाहा. हुडला नुसतंच इलॅस्टिक असलेली जॅकेटं हलकी असतात, धावताना चालतात, पण तासन्‌तास पावसात चालणाऱ्यासाठी मी ती निवडणार नाही.

मनगटाला वेलक्रो असावं, तळाला ओढायची नाडी असावी. पुढच्या चेनवर रबरी लेप असला तरी ती पूर्ण जलरोधक असतेच असं नाही. तिच्या मागे कापडाची एक पट्टी असली की झिरपलेलं पाणी छातीपर्यंत पोहोचत नाही. खिसे कमरेच्या पट्ट्याच्या वर हवेत, नाहीतर सॅक बांधल्यावर त्यांत हात जात नाही.

माप पाहताना रोज आत घालता तो गरम थर अंगावर ठेवा. दोन्ही हात डोक्यावर उचला. बाह्या मनगटाच्या फार वर सरकत असतील किंवा तळ कमरेवर चढत असेल, तर जॅकेट तोकडं आहे. शक्य असेल तर भरलेली सॅक पाठीवर घेऊन चालून पाहा. रंग भडक घ्या. धुक्यात सोबत्यांना तुम्ही दिसणं महत्त्वाचं आहे, आणि करड्या-हिरव्या जॅकेटातला माणूस दहावीस पावलांवरही हरवतो.

बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं ते त्यावरच्या पाणी-प्रतिबंधक लेपामुळे. हा लेप झिजला की कापड पाणी पिऊन जड होतं. आतला पडदा तरीही शाबूत असतो, पण वाफेची वाट बंद होते आणि आत ओल जाणवते. बऱ्याच जणांना वाटतं जॅकेट गळायला लागलं आणि ते फेकून देतात. खरंतर आधी ते धुवावं. घाम, तेल आणि मळ यांनी लेप दबतो. सौम्य द्रव साबण वापरा, कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको. धुतल्यावर लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा किंवा वर कापड ठेवून कोमट इस्त्री करा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तेवढ्यानेही पाणी घरंगळलं नाही, तर नव्याने लावायचा लेप मिळतो. पूर्वी या लेपांत फ्लोरिनयुक्त रसायनं असत. ती निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत, म्हणून अनेक उत्पादक त्यांच्यापासून दूर जात आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०२५पासून कपड्यांत त्यांच्या वापरावर बंदीही घातली, फक्त अतितीव्र पावसासाठीच्या खास कपड्यांना २०२८पर्यंत सवलत ठेवली. नवे फ्लोरिनमुक्त लेप तेलकट डागांपुढे कमी टिकतात. असं जॅकेट थोडं जास्त वेळा धुवायची तयारी ठेवा.

पहिल्या सहलीआधी घरीच चाचणी घ्या. आत फिकट सुती शर्ट घाला, कारण त्यावर ओलाव्याचा डाग लगेच दिसतो. मग शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा, हात वर करून, मान वाकवून, खांद्यांवर पाण्याची धार घेऊन. ओलं कुठे झालं ते पाहा: मनगट, मान की चेनची रेघ. मनगट-मानेशी नाड्या आवळून पुन्हा पाहता येतं. शिवणीतून पाणी आलं तर ते जॅकेट नको.

निघताना ते सॅकच्या तळाशी नव्हे, सगळ्यात वर ठेवा. सोबत कापड चिकटवायच्या टेपचा एक तुकडा ठेवा, बारीक फाट जागेवरच बंद होते. बाकीचे गरम कपडे वेगळ्या पाणबंद पिशवीत, कारण सॅकचं आवरण वाऱ्यात सरकतं. पहिले थेंब पडताच जॅकेट घाला. एकदा आतला थर भिजला की वर कितीही चांगलं कापड असलं तरी तो लवकर वाळत नाही. परत आल्यावर घडीतून काढून पूर्ण वाळवा आणि कपाटात हँगरवर सैल टांगा. दमटपणात महिनोन्‌महिने घट्ट गुंडाळलेलं राहिलं तर पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो आणि सोलवटून सुटायला लागतो, आणि मग ते जॅकेट दुरुस्त होत नाही.